वादाचा विषय आणि ग्रंथालयाचा डेटाबेस



गेल्या वर्षी पाचूबंदरची एक विद्यार्थिनी आमच्याकडे आली. महाविद्यालयाने तिला प्रकल्पनिबंधासाठी 'वाढवण बंदर' हा विषय दिला होता. वडील मासेमारी करणारे. त्यांचा बंदराला कडवा विरोध. थोरला भाऊ मालवाहतुकीच्या धंद्यात. त्याला बंदर हवे. जेवणाच्या ताटावर दोघांचा रोज वाद. पोरीने आम्हांला पहिलाच प्रश्न केला, "सर, मी कुणाची बाजू घेऊ?"

आम्ही म्हटले, "तूर्त कुणाचीच नको. आधी काय काय वाचलेस ते सांग."

तिने हातातल्या फोनवर 'वाढवण बंदराचे दुष्परिणाम' असे शब्द घालून शोध केला होता. पन्नास लेख सापडले होते आणि पन्नासांत दुष्परिणामच होते. त्यामुळे वडिलांचेच खरे, असा तिचा ग्रह होऊ लागला होता. आम्ही तिला तिथल्या तिथे 'वाढवण बंदराचे फायदे' असे शब्द घालावयास सांगितले. आणखी पन्नास लेख आले आणि सगळे भावाच्या बाजूचे निघाले. पोरगी गोंधळली. वस्तुतः यात नवल काहीच नव्हते. तिने जे मागितले तेच तिला मिळाले होते. तिचा प्रश्न उत्तर पोटात घेऊनच निघाला होता.

आजच्या व्याख्यानाचा विषय हाच. ज्या प्रश्नावर गावात, घरात, सभेत दोन तट पडलेले आहेत, त्यावर अभ्यास करावयाचा तर ग्रंथालयाचे साधन कसे वापरावे? विषय विद्यार्थ्यांचा दिसतो; परंतु आपल्यापैकी प्रत्येकाला त्याचे काम केव्हा ना केव्हा पडते, हे पुढे ध्यानात येईल.

प्रथम डेटाबेस म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. येथे बसलेल्या वडीलधाऱ्या मंडळींना ग्रंथालयातली लाकडी खणांची पेटी आठवत असेल. खण ओढला की पत्रे लागत. एकाच पुस्तकाची तीन पत्रे असत: एक लेखकाच्या नावाचे, एक पुस्तकाच्या नावाचे, एक विषयाचे. डेटाबेस ही तीच पेटी. फरक एवढाच, की तिच्यात पुस्तकांबरोबर नियतकालिकांतला एकेक लेख, एकेक प्रबंध, एकेक अहवाल यांचे स्वतंत्र पत्र असते, आणि त्या पत्रावर लेखक, वर्ष, विषय, गोषवारा, कोणत्या नियतकालिकात छापले, इतक्या गोष्टी वेगवेगळ्या रकान्यांत नोंदलेल्या असतात. पत्र सापडले की पुष्कळदा मूळ लेखही तिथेच उघडतो.

मग फोनवरचा शोध आणि हा शोध यांत अंतर काय? फोनवरच्या शोधात जाहिरात, अफवा, अग्रलेख, शास्त्रज्ञाचा निबंध आणि कुणाचा तरी राग, हे सारे एका रांगेत उभे असते. डेटाबेसात काय घ्यावे हे कुणीतरी ठरवलेले असते, आणि प्रत्येक वस्तूवर तिचे कुळ लिहिलेले असते. अमुक लेख तज्ज्ञांनी तपासून मग छापला की नाही, हेही पुष्कळदा कळते. म्हणून तेथले सारे खरे असते असे मात्र नव्हे. बाजारात मासळी घेताना आपण कल्ला उचलून पाहतो. डेटाबेसात पाहण्यासाठी कल्ला निदान शाबूत असतो, इतकेच.

ही साधने दूर आहेत असेही नाही. संशोधनाचे प्रबंध 'शोधगंगा' या भांडारात साठवलेले आहेत. ते गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राकडून चालते आणि कुणालाही फुकट वाचता येते. खरगपूरच्या आय.आय.टी.ने उभारलेले 'राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय' असेच सर्वांना खुले आहे. महाविद्यालयांसाठी 'एन-लिस्ट' नावाची योजना आहे. महाविद्यालय तिचे सभासद असेल तर ग्रंथपालाकडून नाव आणि परवलीचा शब्द घ्यावा, हजारो नियतकालिके घरबसल्या वाचता येतात. १ जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारने 'एक राष्ट्र, एक वर्गणी' ही योजना सुरू केली. तिच्याखाली शासकीय उच्चशिक्षण संस्थांना जवळजवळ १३,००० नियतकालिके उपलब्ध झाली. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीने आपले जुने ग्रंथ आणि वृत्तपत्रे 'ग्रंथसंजीवनी' या नावाने संगणकावर आणली आहेत. माशांविषयी वाचावयाचे तर कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेचे भांडार खुले आहे. घर भरलेले आहे. पण फार थोडे लोक कडी वाजवतात.

आता शोधाकडे वळू. पहिली अडचण नावांची. वाढवण हे नाव इंग्रजीत कुणी 'व्ही'ने लिहितो, कुणी 'डब्ल्यू'ने. कुणी मधला 'ए' ठेवतो, कुणी गाळतो. यंत्राला ही चारही नावे वेगळी वाटतात. शिवाय सौराष्ट्रात त्याच नावासारखे वढवाण आहे, तेही मध्येच डोके काढते. आपल्या वसईची कथा तर याहून मौजेची आहे. इंग्रजी कागदपत्रांत वसई म्हणजे 'बॅसीन'. ते नाव घालून शोध केला, की १८०२ चा वसईचा तह मिळतो हे ठीक. पण ब्रह्मदेशातले बॅसीन नावाचे शहरही मिळते, आणि अरबी समुद्रातले त्याच नावाचे वायुक्षेत्रही मिळते. दुसरी गोष्ट, पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. त्याआधीचे सारे कागद 'ठाणे' या नावाखाली आहेत, आणि इंग्रजी अमदानीतले स्पेलिंग आणखी निराळे. १८८२ च्या गॅझेटियरमध्ये पालघर जिल्हा शोधणारा विद्यार्थी "माहिती उपलब्ध नाही" असे लिहून मोकळा होतो. माहिती उपलब्ध असते. तिचे त्या वेळचे नाव त्याला ठाऊक नसते. माशांचेही तेच. पापलेट, सरंगा ही नावे घालून शास्त्रीय निबंध फारसे सापडावयाचे नाहीत. 'पॅम्पस अर्जेंटियस' हे शास्त्रीय नाव घातले की सापडू लागतात.

दुसरी गोष्ट जोडशब्दांची. जॉर्ज बूल नावाच्या इंग्रज गणितज्ञाने १८५४ साली विचारांच्या नियमांवर ग्रंथ लिहिला. त्याच्या तर्कपद्धतीतले तीन लहान शब्द आज प्रत्येक डेटाबेसात कामाला आहेत: 'आणि', 'किंवा', 'वगळून'. 'बंदर आणि मच्छीमार' म्हटले, की दोन्ही शब्द असलेलेच लेख येतात. यादी आखूड होते. 'वाढवण किंवा डहाणू' म्हटले, की दोहोंपैकी एक असला तरी चालतो, यादी लांबते. 'बॅसीन वगळून ब्रह्मदेश' म्हटले, की इरावतीकाठचे ते शहर बाजूला होते. हे जोडशब्द बहुतेक ठिकाणी इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत लिहावे लागतात. दोन-तीन शब्द सलग हवे असतील तर ते अवतरणचिन्हांत घालावेत. नावाची चारही रूपे 'किंवा'ने जोडून एका कंसात घातली म्हणजे नावांची अडचणही सुटते. एवढे शिकावयास अर्धा तास पुरे होतो.

परंतु वादग्रस्त विषयात खरी मेख याहून खोल आहे. भांडणाऱ्या दोन पक्षांची भाषाच वेगळी असते. वसईच्याच इतिहासाचा दाखला घ्या. १७३९ साली चिमाजी आप्पांच्या फौजेने किल्ला घेतला. मराठी कागदपत्रांत ही 'वसईची मोहीम' आहे, आणि शत्रू 'फिरंगी' आहे. पोर्तुगीजांच्या कागदपत्रांत तीच घटना 'उत्तरेच्या प्रांताचा' नाश म्हणून येते. घटना एक, शब्द दोन. जो 'मोहीम' शोधील त्याला विजय सापडेल, जो 'उत्तरेचा प्रांत' शोधील त्याला शोक सापडेल. गोव्याच्या पुराभिलेखागारातले पांडुरंग पिसुर्लेकर यांचे थोरपण यातच, की त्यांनी पोर्तुगीज दप्तरे उघडून ती मराठ्यांच्या इतिहासाच्या कामी लावली.

वाढवणचेही असेच. बंदराच्या बाजूचे कागद 'कंटेनर', 'क्षमता', 'सागरी व्यापार', 'रोजगारसंधी' हे शब्द वापरतात. विरोधाचे कागद 'उपजीविका', 'परिसंस्था', 'मासेमारीचे क्षेत्र', 'विस्थापन' हे शब्द वापरतात. सरकारी कागद म्हणतो, समुद्रात १,४४८ हेक्टर भराव घालावयाचा. बंदरवाला त्याचा अर्थ करतो, की बंदराचा मुख्य भाग किनाऱ्यावरच्या कुणाच्या जमिनीवर येत नाही. मच्छीमार म्हणतो, तोच समुद्र आमची जमीन. दोघेही त्याच पाण्याविषयी बोलत आहेत. म्हणून विद्यार्थ्याने शोधाला बसण्यापूर्वी कोरा कागद घ्यावा, मधोमध रेघ ओढावी, एकीकडे या पक्षाचे शब्द आणि दुसरीकडे त्या पक्षाचे शब्द लिहावेत, आणि दोन्ही रांगांनी शोध करावा. नंतर 'बंदर', 'किनारा', 'डहाणू' अशा कोणत्याच पक्षाचा रंग नसलेल्या शब्दांनी तिसरा शोध करावा. पाचूबंदरच्या त्या मुलीला आम्ही एवढेच करावयास लावले. चार दिवसांनी ती आली तेव्हा तिच्या वहीत दोन नव्हे, पाच रांगा झाल्या होत्या. कारण तिला आढळले, की पक्ष दोनच नाहीत. मच्छीमार आहेत, आदिवासी आहेत, बागायतदार आहेत, नोकरीची वाट पाहणारे तरुण आहेत, निर्यातदार आहेत, आणि प्रत्येकाचे म्हणणे निराळे आहे. अमेरिकेत वादग्रस्त विषयांसाठी खास तयार डेटाबेस मिळतात. एका बाजूचा लेख डावीकडे, दुसऱ्या बाजूचा उजवीकडे. सोय मोठी, पण त्यामुळे जगातल्या प्रत्येक प्रश्नाला दोनच बाजू असतात असा समज होण्याचा धोकाही आहे.

यानंतर काळाचा प्रश्न. डेटाबेसात वर्षाची चाळणी असते. आळशी विद्यार्थी 'गेली दोन वर्षे' एवढीच चाळणी लावतो. वाढवणच्या बाबतीत यामुळे काय निसटते ते पाहा. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला. ३१ ऑक्टोबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, आणि त्यानुसार त्याच डिसेंबरात डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते. वाढवणला बंदराची योजना तेव्हाही आली होती; १९९८ साली या प्राधिकरणाने ती नाकारली. पुढे फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने नव्या बंदराला तत्त्वतः मंजुरी दिली, आणि ३१ जुलै २०२३ रोजी त्याच प्राधिकरणाने अटी घालून ना-हरकत दिली. तिला आव्हान देणाऱ्या याचिका एप्रिल २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळल्या. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. १९ जून २०२४ रोजी मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिली आणि ३० ऑगस्टला पालघर येथे पायाभरणी झाली.

संस्था एकच; १९९८ चा आदेश एक सांगतो, २०२३ चा दुसरे सांगतो. विरोधकाच्या भाषणात पहिला असतो, समर्थकाच्या भाषणात दुसरा. दोघेही खोटे बोलत नाहीत, आणि दोघेही पुरते खरे सांगत नाहीत. विद्यार्थ्याचे काम असे, की दोन्ही आदेश समोर ठेवून विचारावे: मधल्या पंचवीस वर्षांत काय बदलले? कायदा बदलला, योजना बदलली, की पुरावा बदलला? हा प्रश्न विचारला, की निबंधाला खरा आरंभ होतो.

तिसरी काळजी आकड्यांची. मंजुरीच्या वेळी सरकारने सांगितले, की या बंदरामुळे सुमारे दहा लाख लोकांना प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष रोजगार मिळण्याची शक्यता आहे. हे वाक्य दोन-चार हातांतून गेले, की 'प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष' गळून पडते, मग 'शक्यता' गळते, आणि शेवटी 'दहा लाख नोकऱ्या' एवढे उरते. नुकसानीच्या आकड्यांचीही अशीच गत होते. अंदाज म्हणून निघालेला आकडा फलकावर येईपर्यंत मोजदाद होतो. आम्ही स्वतः तरुणपणी एका निबंधात पत्रकातला आकडा उचलून घातला होता. परीक्षकांनी समासात एकच शब्द लिहिला: "कुणी मोजले?" तो शब्द आम्ही अद्याप विसरलो नाही. आकडा दिसला, की त्याच्या उगमापर्यंत चालत जावे. लेखाच्या शेवटी संदर्भ दिलेले असतात. त्यांवरून मागे जाता येते, आणि त्या लेखाचा आधार पुढे कुणी घेतला हेही डेटाबेस दाखवतो, त्यामुळे पुढेही जाता येते. उगम सापडला नाही, तर तो आकडा निबंधात घालू नये.

उगम सापडल्यावर चार गोष्टी विचाराव्यात. बोलणारा कोण? त्याला पैसे कुणी दिले? त्याने हे केव्हा सांगितले? आणि हे त्याला कसे कळले? प्रकल्पासाठी करवून घेतलेला पर्यावरण अहवाल प्रकल्पवाल्याच्या खर्चाने होतो. म्हणून तो टाकाऊ ठरत नाही, पण वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी. चळवळीचे पत्रक चळवळीसाठी लिहिलेले असते. म्हणून त्यातली तक्रार खोटी ठरत नाही. न्यायालयाचा निकाल हा कायद्याच्या प्रश्नावरचा निकाल असतो. समुद्रात मासळी किती आहे हे न्यायाधीशाने जाळे टाकून पाहिलेले नसते.

येथे डेटाबेसाची मर्यादाही सांगितली पाहिजे. त्यात इंग्रजी पुष्कळ, मराठी थोडे. मराठी वृत्तपत्रांचे जुने अंक फारसे त्यात नाहीत. त्यांसाठी ग्रंथालयातल्या बांधीव फायलींची धूळ झटकावी लागते. कोणत्या उधाणाला कोणती मासळी कुठे येते, हे ज्या म्हाताऱ्या तांडेलाला ठाऊक आहे, त्याने निबंध लिहिलेला नाही. त्याचे पत्र कोणत्याही खणात नाही. म्हणून शोध यंत्रापाशी संपवू नये. त्या तांडेलाकडे जावे, त्याची परवानगी घ्यावी, त्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत, तारीख घालून टिपावे. 'कागदावर नाही' याचा अर्थ 'अस्तित्वात नाही' असा करणारा विद्यार्थी अडाणी राहतो, मग त्याने कितीही डेटाबेस उघडोत.

इतके जमल्यावर लिहावे कसे? आपल्याकडच्या शास्त्रकारांनी यासाठी फार पूर्वीच रीत घालून दिली आहे. आधी पूर्वपक्ष, मग उत्तरपक्ष, मग सिद्धान्त. पूर्वपक्ष म्हणजे विरुद्ध बाजूचे म्हणणे, आणि ते असे मांडावे, की त्या बाजूच्या माणसाने वाचले तर तो म्हणावा, "होय, आमचे म्हणणे हेच." दुबळा पूर्वपक्ष उभा करून तो पाडण्यात पुरुषार्थ नाही. सिद्धान्त शेवटी अवश्य मांडावा. दोन्हीकडचे सांगून मत देण्याचे टाळणे याला काही लोक निःपक्षपातीपणा म्हणतात. आम्ही त्याला भिडस्तपणा म्हणतो. मत असावे, पण ते पुराव्याच्या मागून यावे, आणि कोणता पुरावा मिळाला तर आपण ते बदलू हेही सांगता यावे.

आता आरंभी म्हटले ते पुरे करू. हे सारे सर्वांच्या कामाचे कसे? १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे मोठ्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी देण्यापूर्वी जनसुनावणी घ्यावी लागते. तिची निदान तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत ठेवावा लागतो, आणि लोकांच्या हरकती लिहून घ्याव्या लागतात. वाढवणची सुनावणी जानेवारी २०२४ मध्ये झाली. पूर्ण अहवाल इंग्रजीत, जाडजूड. आणि हाताशी तीस दिवस. अशा वेळी "आमचा विरोध आहे" किंवा "आमचा पाठिंबा आहे" एवढेच म्हणणाऱ्याचे एक मत नोंदले जाते. पण जो उठून म्हणतो, "अमुक पानावरचा आकडा अमुक वर्षीचा आहे, त्यानंतरची मोजणी निराळे सांगते, याचे उत्तर द्या," त्याला उत्तर द्यावे लागते. उद्या वसईतल्या एखाद्या नाल्याचा, डोंगराचा, कचराभूमीचा किंवा विकास आराखड्याचा प्रश्न येईल. तेव्हा ते पान उघडणारे माणूस आपल्यात असेल की नाही, हे आज महाविद्यालयात निबंध कसे लिहिले जातात यावर ठरणार आहे.

त्या मुलीचा निबंध पुरा झाला. तिचे मत काय झाले ते आम्ही येथे सांगत नाही. ते तिचे आहे, आणि आपण आपले करावे. तिने तो घरी वाचून दाखवला. भावाची बाजू वाचत होती तेव्हा वडिलांनी मध्येच थांबवून एक जागा दोनदा वाचावयास लावली. वडिलांची बाजू आली तेव्हा भावाने फोन खाली ठेवला. वाद मिटला नाही. परंतु दुसऱ्या दिवशी वडिलांनी तिला विचारले, तो १९९८ चा कागद कुठे मिळतो, आणि मला वाचून दाखवशील का? भाऊ म्हणाला, दोन्ही कागद आण, एकत्रच वाचू.